विहिरीला विचारून तळघर उपसा

घर, माती, पाणी : लेखांक 9

पाऊस उघडून दोन दिवस झालेले असतात. ऊन पडलेले असते, अंगण वाळलेले असते, रस्त्यावरचा चिखलही घट्ट झालेला असतो. तळघराच्या पायऱ्यांवरचे पाणी मात्र कालच्यापेक्षा एक पायरी वर आलेले दिसते. घरातले सगळे चक्रावतात. पाऊस नाही, नळ बंद आहे, मग हे पाणी येते कुठून? मोटार लावून उपसावे, तर सकाळी पुन्हा तेवढेच.

गेल्या आठवड्यात माळवदाच्या गळतीबद्दल लिहिले होते. वरून येणारे पाणी डोळ्यांना दिसते, त्याची वाट शोधता येते. आज जमिनीखालून येणाऱ्या पाण्याबद्दल लिहितो. लिंबागणेश आणि आसपासच्या गावांत गेल्या काही वर्षांत रस्त्याकडेला दुकान, वर घर आणि खाली तळघर अशी बांधकामे वाढली आहेत. खाली सोयाबीन, खत, कापूस, इन्व्हर्टरची बॅटरी. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यानंतर अशा घरांसाठी हा विषय पुढे ढकलण्यासारखा राहिलेला नाही.

कोरड्या वर्षी खणलेले तळघर

आपला बीड जिल्हा टँकरचा. वर्षाची सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तीही भरवशाची नाही. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस सगळ्यांच्या लक्षात आहेत. विहिरींनी तळ गाठलेला असताना कुणी पाया खणला, तर दहा फुटांवरही मुरूम कोरडाठाक लागतो. मालक निर्धास्त होतो, गवंडीही निर्धास्त होतो. त्या खड्ड्याची खरी परीक्षा अजून झालेलीच नसते. ती सात-आठ वर्षांनी, एखाद्या भरल्या पावसाळ्यात होते.

आपल्याकडची जमीन कशी रचलेली आहे, ते विहीर खणणाऱ्याला विचारावे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली काळा पाषाण. पावसाचे पाणी माती-मुरमातून खाली उतरते, पाषाणाला अडते आणि उताराच्या दिशेने आडवे चालू लागते. तळघर खणणाराही बहुतेक वेळा त्या कठीण खडकापाशीच थांबतो, कारण पुढे सुरुंग लावावा लागतो. म्हणजे पाणी ज्या थरातून चालते, नेमक्या त्याच थरात आपण खोली बांधतो. आडवे चालणारे हे पाणी सावकाश येते. डोंगरकडेला परवा पडलेला पाऊस आज आपल्या भिंतीशी पोचतो. उघडीप पडल्यावर पाणी वाढते, त्याचे कारण एवढेच.

बीडच्या माणसाला जमिनीखालच्या पाण्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. बीडजवळची खजाना बावडी सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. तिचे पाणी जमिनीखालच्या नहरांतून, कुठलेही यंत्र न लावता, केवळ उताराने शेतांपर्यंत नेलेले आहे. मुरमातले पाणी आणि जमिनीचा उतार यांचा मेळ त्या कारागिरांना पक्का कळला होता. तळघर वाचवायचे तर तोच मेळ आपल्यालाही समजून घ्यावा लागेल.

जुन्या लोकांनी गावठाण बसवले ते उंचवट्यावरच्या पांढरीत, आणि शेती केली काळीत. धान्याची पेवे असत तीही कोरड्या, उंच जागी. आता घरे रस्त्याच्या ओढीने पांढरी सोडून काळीत उतरली आहेत. काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगा म्हणजे पहिल्या पावसाला थेट भिंतीपर्यंत नेणाऱ्या वाटा. भिंतीला सारखे ढकलणे आणि सोडणे चालू राहते, सांधे ढिले होतात आणि पाण्याला दार मिळते.

उतरण्याआधी तीन गोष्टी

पाणी दिसताच पहिला धक्का बसतो तो मालाचा, आणि माणूस पोती वाचवायला खाली धावतो. इथेच जीव जातात. म्हणून क्रम पाठ करून ठेवावा.

पहिली गोष्ट वीज. मेन स्विच कोरड्या जागी असेल आणि कोरड्या जमिनीवर उभे राहून हात पोचत असेल, तरच तो पाडावा. स्विच तळघरात असेल किंवा भिंत ओली असेल, तर महावितरणला 1912 वर फोन करून खांबावरूनच पुरवठा तोडून घ्यावा. इन्व्हर्टर विसरू नये. गावाची लाईट गेली तरी त्याचा प्रवाह घरात चालूच असतो.

दुसरी गोष्ट हवा. बंद जागेत ओले धान्य कुजू लागले की ते हवेतला प्राणवायू खाते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. हा वायू जड असल्याने तळाशी साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद खोल पेवांत साठवत असत. तिथले हमाल तोंड उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. पेव बराच वेळ उघडे ठेवत, कंदील सोडून तो विझतो का ते पाहत. 2005 च्या महापुरात त्या पेवांमध्ये कृष्णेचे पाणी शिरले आणि हळदीचे मोठे नुकसान झाले. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या साठवणीलाही पाणी जुमानत नाही, हे त्या पुराने दाखवले.

आपल्या तळघरात कंदिलाची युक्ती मात्र चालणार नाही. किडीसाठी आपण धान्यात ज्या गोळ्या टाकतो, लोक ज्यांना सल्फास म्हणतात, त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. ओल लागली की त्यातून फॉस्फीन हा जीवघेणा वायू सुटतो, आणि तो पेटही घेऊ शकतो. अशा गोळ्या किंवा त्यांचा डबा खाली असेल, तर उतरू नये, दिवा-काडी लावू नये, घर उघडे टाकून बाहेर यावे आणि अग्निशमन दलाची मदत मागावी. गोळ्या नसतील तरी दारे-झरोके उघडून कित्येक तास वारा खेळू द्यावा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि वर दोन माणसे हवीत. खालचा कोसळला तर वरच्याने मागोमाग उडी मारू नये, दोराने ओढावे. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशी एकाच घरातली माणसे गेल्याच्या बातम्या आपण विहिरींच्या आणि टाक्यांच्या बाबतीत वाचतोच.

तिसरी गोष्ट जिवाणू. पावसात बिळे भरली की नाग, घोणस, मण्यार कोरड्या फळीवर, पोत्यांच्या थप्पीत आसरा घेतात. हात घालण्याआधी काठी आणि बॅटरी. पायात गमबूट. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरूच नये, लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून होतो.

या तीन गोष्टी झाल्या की मोबाईलवर फोटो काढावेत. पाण्याची उंची दिसेल असे, भिजलेला माल दिसेल असे. नुकसान तलाठ्यांना आणि ग्रामपंचायतीला लगेच कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत पुरावा टिकेल असे पाहावे. साफसफाई झालेल्या घराचा पंचनामा अवघड जातो.

उपसण्याची घाई नको

आता सर्वांत महत्त्वाचे. दहा बाय बाराच्या खोलीत चार फूट पाणी म्हणजे 480 घनफूट, साधारण साडेतेरा हजार लिटर. बरी मोटार असेल तर दोन-तीन तासांत खोली रिकामी होते. पण रिकामी करावी का, हा प्रश्न आधी.

भिंतीच्या बाहेर मुरूम पाण्याने तुडुंब असतो. दर फूट उंचीमागे हे पाणी भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 300 किलोचा भार टाकते. बाहेर आठ फूट पाणी असेल तर भिंतीच्या तळाशी चौरस मीटरला 24 क्विंटल. फरशीलाही खालून तेवढाच रेटा. आत पाणी असते तोवर ते उलट बाजूने भिंतीला टेकू देत असते. आपण मोटार लावून तो टेकू दोन तासांत काढून घेतो आणि मातीत चिणलेली दगडी भिंत किंवा एक विटेची भिंत एकटी पडते. ती आत फुगते, कधी कोसळते. फरशी उचलली जाते. पाण्याने जेवढे नुकसान केले नव्हते, तेवढे घाईने होते.

पूरग्रस्तांसाठी अमेरिकेच्या आपत्ती यंत्रणेने घालून दिलेली पद्धत साधी आहे आणि ती आपल्याला जशीच्या तशी चालते. एक फूट पाणी उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर आले असेल तर बाहेरचे पाणी अजून उतरलेले नाही. एक दिवस थांबून पुन्हा एक फूट. खूण टिकली की मग रोज दोन-तीन फूट.

आपल्याकडे याहून नेमका साक्षीदार आहे, तो म्हणजे घराजवळची विहीर. मुरमातले पाणी विहिरीत दिसते तेच तळघराच्या भिंतीमागे असते. गवंड्याकडे पारदर्शक नळीची लेव्हल असतेच. तिने घराच्या उंबऱ्याची पातळी विहिरीच्या कठड्यावर आणावी आणि खूण करावी. उंबऱ्यापासून तळघराची फरशी नऊ फूट खाली असेल, तर त्या खुणेपासून नऊ फूट खाली विहिरीच्या आतल्या बांधकामावर ऑइलपेंटचा ठळक पट्टा मारावा. विहिरीचे पाणी पट्ट्याच्या वर आहे, तोवर तुमचे तळघर ही दुसरी विहीरच आहे, आणि विहीर उपसून कोरडी होत नसते. पाणी पट्ट्याखाली गेले की मोटार बेधडक चालवावी.

विहीर घरापासून जितकी जवळ आणि जितकी उघडी, तितका अंदाज खरा. बोअरवर विसंबू नये. बोअरचा केसिंग पाइप वरच्या मुरमाचे पाणी बाहेरच ठेवतो, त्यामुळे बोअरची पातळी वेगळीच गोष्ट सांगते.

डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन लावायचे असेल तर ते बाहेर, मोकळ्या हवेत ठेवावे. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तळघरात मिनिटांत माणसाला आडवा करतो. आणि उपसलेले पाणी भिंतीपासून निदान वीस-तीस फूट दूर, उताराच्या खालच्या बाजूला सोडावे. अंगणातच सोडले तर तेच पाणी मुरमातून परत आत येते आणि मोटार दिवसभर त्याला गोल फिरवत राहते.

पाणी गेल्यावर

गाळ ओला आहे तोवर काढावा, वाळला की तो दगडाला धरून बसतो. भिंती धुवाव्यात, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसाव्यात, वारा खेळू द्यावा. लगेच सिमेंटचा गिलावा करू नये. आतली ओल कोंडली जाते आणि मातीची भिंत आतून भुसभुशीत होते. एक पूर्ण उन्हाळा भिंतीला वाळू द्यावे, मग चुन्याचा हात.

भिजलेल्या धान्याचा मोह सोडावा, हे लिहिताना हात जड होतो. वर्षभराचा घाम त्या पोत्यांत असतो. पण बुरशी आलेली ज्वारी किंवा सोयाबीन वाळवून जनावरांपुढे टाकले, तर बुरशीचे विष त्यांच्या अंगात आणि दुधावाटे लेकरांच्या अंगात उतरते. नुकतेच भिजलेले, वास न आलेले धान्य त्याच दिवशी पातळ पसरून वाळवता येते. वास आला की ते खतखड्ड्याचे झाले. विहिरीच्या पाण्यातही गाळ उतरला असेल, तर टीसीएल पावडर टाकल्याशिवाय आणि उकळल्याशिवाय पिऊ नये.

पुढच्या पावसाआधी

तळघर वाचवायचे काम घराबाहेर करायचे असते. आतून लावलेला वॉटरप्रूफ रंग मागून रेटा आला की पापुद्र्यासारखा सुटतो. आधी छताचे पाणी पन्हाळीने दूर न्यावे, पागोळ्या भिंतीपाशी पडू देऊ नयेत. अंगणाचा उतार घराकडून बाहेर करावा. सांडपाण्याचा शोषखड्डा ही चांगली गोष्ट आहे, पण तो तळघराच्या भिंतीपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. कित्येक घरांत तळघराला येणारे पाणी पावसाचे नसून स्वतःच्याच मोरीचे असते.

आणि मुख्य काम म्हणजे चर. घराच्या चढाच्या बाजूला, तळघराच्या फरशीइतका खोल चर टप्प्याटप्प्याने, भिंतीचा आधार न सोडता खणावा. त्यात छिद्रांचा पाइप, वर खडी, आणि पाइपचे तोंड उताराला उघडे. बालाघाटच्या उतारावर वसलेल्या आपल्या गावांना हा निसर्गाचा मोठा आधार आहे. सपाट शहरात हे पाणी मोटारीने फेकावे लागते, आपल्याकडे ते आपोआप चालत जाते. ते शेतातल्या विहिरीकडे वळवले, तर ज्या पाण्याने तळघर बुडवले तेच उन्हाळ्यात जनावरांच्या उपयोगी पडेल.

ज्यांना नवे तळघर खणायचे आहे, त्यांनी खणायला उन्हाळा निवडावा, पण पाण्याची पातळी नवरात्रात बघावी, चांगल्या पावसाच्या वर्षी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा मोजते, त्यात पावसाळ्यानंतरची नोंद असते. तीही विचारावी. शेजारच्या म्हाताऱ्या माणसालाही विचारावे की भरल्या सालात ही विहीर किती हाताला लागते. उत्तर आठ फुटांच्या आत आले, तर तळघराचा पैसा वरच्या मजल्यावर घालावा.

पुढच्या आठवड्यात पन्हाळी आणि पागोळ्या, म्हणजे छताचे पाणी जपून उतरवण्याची कला. तोवर एक काम करून ठेवा. गवंड्याला बोलवा आणि विहिरीत तो पट्टा मारून घ्या. एक नळी आणि अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढाच खर्च. पुढच्या पावसाळ्यात सकाळी पाण्याला जाणारी घरातली कोणीही व्यक्ती विहिरीत डोकावून सांगू शकेल की आज पोती वर काढायची की नाही.