रक्तवाहिनी-मांसार्बुद, कुत्र्यांतील

रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या (अंतःस्तराच्या) कोशिकांसारख्या कोशिकांची अनिर्बंध वाढ होऊन उद्भवणारे मारक अर्बुद [→ कर्करोग]. पशुवैद्यकात ते हेमँजिओसार्कोमा या नावाने ओळखले जाते. मानवात अशी अर्बुदे विरळा आढळतात; कुत्र्यांत मात्र, विशेषतः जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर व लॅब्रॅडॉर या जातींच्या उतारवयातील जनावरांत, ती नेहमी आढळतात. अंतःस्तराच्या पक्व कोशिकांपासून त्यांचा उगम होतो, असे पूर्वी मानीत; अस्थिमज्जेतील पूर्वगामी कोशिकांपासून ती उद्भवत असावीत, असे मत आता पुढे आले आहे.

प्लीहा (पानथरी), हृदयाचे उजवे अलिंद, यकृत व त्वचा ही त्यांची प्रमुख स्थाने होत. अर्बुदात ठिसूळ भित्तींच्या, वेड्यावाकड्या रक्तपोकळ्या तयार होतात व त्या फुटून रक्तस्राव होतो. स्राव थोडा असल्यास पोटात साचलेले रक्त पुन्हा शोषले जाते. कुत्रे एकदोन दिवस मलूल राहून आपोआप सुधारल्यासारखे दिसते, मालक निर्धास्त होतो व मोलाचा काळ निघून जातो. मोठा स्राव झाल्यास हिरड्या पांढुरक्या पडतात, नाडी जलद व क्षीण होते आणि कुत्रे कोसळते. अलिंदातील अर्बुद फुटल्यास हृदयावरणात रक्त साचून हृदयावर दाब येतो. अर्बुदाच्या कोशिका रक्तावाटे यकृत, फुप्फुसे व मेंदू येथे लवकर पोहोचत असल्यामुळे निदानाच्या वेळी दुय्यम अर्बुदे बहुधा झालेलीच असतात.

श्राव्यातीत ध्वनिचित्रणाने प्लीहेतील गाठ दिसते. ती मारक आहे किंवा कसे, हे मात्र कळत नाही. सुईने द्रव काढल्यास बहुधा नुसते रक्तच मिळते. नुसत्या साकळलेल्या रक्ताची गाठही हुबेहूब अशीच दिसते व पोट उघडल्यावरही नजरेने भेद करता येत नाही. तो सूक्ष्मदर्शकाखालील ऊतकपरीक्षेनेच ठरतो. म्हणून केवळ प्लीहेतील गाठ पाहून, शस्त्रक्रिया चालू असतानाच कुत्र्यास दयामरण देण्याचा निर्णय घेणे युक्त नव्हे. अशी प्लीहा काढून टाकल्यावर, गाठ मारक नसल्यास, कुत्रे पूर्ववत जगू शकते.

मारक अर्बुदात मात्र केवळ प्लीहा काढल्यास कुत्रे साधारणतः १ ते ३ महिने जगते. जोडीला डॉक्सोरुबिसीन हे औषध दिल्यास ही मुदत ४ ते ६ महिन्यांपर्यंत वाढते. वर्षभर जगणारी कुत्री सु. १० टक्के वा त्याहूनही कमी असतात. याला अपवाद त्वचेच्या वरच्या थरातील प्रकाराचा. विरळ केसांच्या व फिकट कातडीच्या कुत्र्यांत, उदा., व्हिपेटमध्ये, उन्हामुळे पोटाच्या त्वचेवर तांबड्या-काळसर गाठी येतात. त्या वेळीच समूळ कापून काढल्यास कुत्रे दीर्घकाळ जगते. त्वचेखाली खोलवर गेलेला प्रकार मात्र इतका सौम्य नसतो.

या अर्बुदांतील टीपी ५३ व पीआयके ३ सीए या जीनांतील बदल मानवी अर्बुदांतही आढळतात. अमेरिकेत २०१२ मध्ये सुरू झालेल्या व ३,००० हून अधिक गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांची आयुष्यभर नोंद ठेवणाऱ्या पाहणीत या रोगाचाही अभ्यास केला जातो.