टेबलातली पाटी

आमच्या मोहल्ल्यातल्या क्लबाची फरशी बदलायची होती. पूल टेबल दोन महिने शेजारच्या खोलीत ठेवायचे ठरले. आठ पोरांनी बिस्मिल्ला म्हणून ते अख्खे उचलले. दारात एक कोपरा झुकला आणि आतला दगड तडकला.

हो, दगडच! हिरव्या कापडाखाली स्लेट असते. आपण ज्या पाटीवर मुळाक्षरे गिरवली, तोच दगड. ८ फुटी टेबलात त्याचे बहुधा तीन तुकडे असतात, एकेक ७०-८० किलोचा. हा दगड भार सोसतो, पीळ सोसत नाही. म्हणून आधी रबरी कडा सोडवाव्यात, कापड काढून गुंडाळावे, सांध्यांतले मेण खरवडावे, तुकड्यांवर खडूने क्रमांक घालावेत. तुकडा उभा धरूनच न्यावा. ठेवावा तोही उभाच. कोरड्या खोलीत, खाली लाकडी पट्ट्या देऊन, भिंतीला टेकवून. वर सामान रचू नये. पुन्हा जोडताना पाणसळ लावावी, सांधे मेणाने बुजवावेत.

आमचे टेबल वर्षभर बंद राहिले. पोरे पुन्हा नाक्यावर उभी राहू लागली. त्यांच्याकडे जोर होता. आत काय आहे, हे विचारायला हवे होते मी. मी मात्र बाजूला उभा राहून नुसते ‘सांभाळून’ म्हणत होतो.