मुलांची बँक, मुलांचं दुकान

1 मार्च 1935 रोजी दिल्लीच्या दक्षिणेला, यमुनेच्या अंगाला असलेल्या ओखला गावाजवळ एका शाळेची कोनशिला बसवली गेली. त्या काळी अशा समारंभाला एखादा नवाब, संस्थानिक, गेलाबाजार मोठा पुढारी तरी लागे. जामिया मिल्लिया इस्लामियाच्या मंडळींना असे पाहुणे सहज मिळाले असते. त्यांनी कोनशिला बसवून घेतली ती शाळेतल्या सगळ्यात लहान विद्यार्थ्याकडून. त्याचं नाव अब्दुल अझीझ. त्या पोराला त्या दिवशी काय कळलं असेल ते असो. शाळा कोणाची, हे बाकीच्या मुलांना नक्की कळलं असणार.

आज जामियाचं नाव निघतं ते केंद्रीय विद्यापीठ म्हणून. तो दर्जा 1988 मधला. त्याआधीची कित्येक वर्षं या संस्थेचा जीव शाळेत होता. असहकाराच्या लाटेत 29 ऑक्टोबर 1920 रोजी अलीगढला ती जन्मली आणि 1925 मध्ये दिल्लीच्या करोलबागेत आली. खिलाफत चळवळ ओसरली तसा पैसाही आटला. संस्थापकांपैकी एक, हकीम अजमल खान, पदरमोड करून गाडा ओढत होते. 1927 च्या अखेरीस तेही गेले. मग शिक्षकांनीच शपथ घेतली: वीस वर्षं इथेच राबायचं आणि महिन्याला दीडशे रुपयांहून जास्त घ्यायचे नाहीत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात ओळखीचं काही दिसेल.

या शिक्षकांचे म्होरके झाकीर हुसैन. बर्लिनला अर्थशास्त्रात डॉक्टरेट करून 1926 मध्ये ते परतले, तेव्हा वय होतं 29. सोबत आबिद हुसैन आणि मोहम्मद मुजीब हे दोन मित्र. जर्मनीत झाकीरसाहेबांना अर्थशास्त्राइतकंच वेड लागलं होतं ते म्युनिकचे शिक्षणतज्ज्ञ केर्शेनस्टायनर यांच्या विचारांचं. चांगला नागरिक घडतो तो हातांनी नेटकं काम करता करता, आणि ते काम दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं असावं, हा त्या विचारांचा गाभा.

तो जामियात कसा उतरला? शाळेत मुलांची बँक निघाली आणि मुलांचं दुकान निघालं. अब्दुल गफ्फार मुधोळी हे शिक्षक या प्रयोगांमागे होते; पुढे त्यांनीच 'जामिया की कहानी' लिहून हा सगळा काळ नोंदवून ठेवला. मला या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. प्रामाणिकपणावर तासभर प्रवचन दिलं तर मुलं जांभया देतात. पण शेजारच्या बाकावरच्या मित्राचे दोन आणे आपल्या वहीत जमा असले आणि संध्याकाळी हिशेब जुळेना, की प्रामाणिकपणा म्हणजे काय हे दहा-अकरा वर्षांच्या मुलालाही चांगलंच उमगतं. विश्वस्त, लोकमत, जबाबदारी असे भारी शब्द त्याला पुढे पुस्तकात भेटतील तेव्हा ते त्याच्या ओळखीचे असतील.

गोष्टींचीही वाण नव्हती. 'पयाम-ए-तालीम' हे जामियाचं मासिक मुलांसाठी असे आणि त्यात झाकीरसाहेब स्वतः लिहीत, तेही रुकय्या रेहाना या आपल्या दिवंगत लेकीच्या नावाने. त्यांची 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट उर्दू वाचणाऱ्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे. मूळ कल्पना फ्रेंच लेखक दोदेची. दाव्याला बांधलेली बकरी डोंगरावर पळते आणि रात्रभर लांडग्याशी झुंजते. स्वातंत्र्याची किंमत मुलांना सांगताना लेखकाने शेवट गोड केलेला नाही, हे विशेष.

बर्लिनमध्ये झाकीर हुसैन, आबिद हुसैन आणि मुजीब या तिघांशी ओळख झालेली गेर्डा फिलिप्सबॉर्न ही ज्यू तरुणी हिटलरच्या उदयाच्या सुमारास थेट जामियात येऊन राहिली. मुलं तिला आपाजान, म्हणजे ताई, म्हणत. लहान मुलांचं शिक्षण, वसतिगृह, आजारपण असं सगळं तिने अंगावर घेतलं. महायुद्धात इंग्रजांनी तिला जर्मन म्हणून स्थानबद्ध केलं. 1943 मध्ये ती वारली. तिची कबर जामियाच्या कब्रस्तानात आहे. जामियातलं पाळणाघर आजही तिच्या नावाने चालतं.

आता वर्ध्याकडे येऊ. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद भरवली. सात ते चौदा वर्षांच्या मुलांना मातृभाषेतून आणि हस्तोद्योगातून शिकवायचं, मुलांच्या कामातून शिक्षकाचा पगारही निघावा, अशी ती कल्पना. झाकीर हुसैन तिथे उठून म्हणाले की कामातून शिक्षण शिक्षणतज्ज्ञांना नवं नाही. पण शाळेने स्वतःचा खर्च भागवावा यावरच भर दिलात, तर शिक्षक गरिबांच्या पोरांना राबवून घेतील आणि टकळी पुस्तकापेक्षा वाईट ठरेल. गांधीजींनी योजना आखण्यासाठी समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद याच माणसाला दिलं. दोघांचाही मोठेपणा त्यात दिसतो.

'नई तालीम' म्हणून ओळखली जाणारी ही योजना देशभर पसरली आणि पातळ होत गेली. कोठारी आयोगानंतरचा आपला कार्यानुभवाचा तास तिचाच दूरचा नातलग. आमच्या पिढीने त्यात खडू आणि मेणबत्त्या केल्या, त्या बहुतेक गुणांसाठी; त्या कोणी पेटवल्या का, हे कोणी विचारलं नाही. दिल्ली-गुरगावच्या आजच्या शाळांत 'समाजसेवा' म्हणजे वस्तीत जाऊन ब्लँकेटं वाटायची, फोटो काढायचा, प्रमाणपत्र घ्यायचं, असा प्रकार होताना दिसतो. मुलांचा यात दोष नाही. जामियाच्या बँकेत व्यवहार बरोबरीचा होता. इथे एक हात कायम वर असतो.

जामियाचा प्रयोग टिकला तो तसे शिक्षक होते म्हणून, हेही मान्य करायला हवं. दीडशे रुपयांत वीस वर्षं देणारी माणसं सरकारी परिपत्रकाने तयार होत नाहीत. या संस्थेला परीक्षाही कमी द्याव्या लागल्या नाहीत. सप्टेंबर 1947 च्या दंगलीत तिचं करोलबागेतलं प्रकाशनगृह लुटून जाळलं गेलं. 9 सप्टेंबरला दिल्लीत पोचलेले गांधीजी दुसऱ्याच दिवशी ओखल्याला जाऊन तिथे आसरा घेतलेल्या लोकांना भेटले.

ओखल्याला आता मेट्रो जाते, जामियाच्या नावाचं स्थानकच आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस वर्धापनदिनाला तिथे तालीमी मेळा भरतो. दिल्ली लांब पडत असेल तर सेवाग्रामला जा. नई तालीमची 'आनंद निकेतन' शाळा 2005 मध्ये तिथे पुन्हा सुरू झाली आहे आणि ती मराठीत चालते. आपल्या मुलांच्या शाळेत सेवेचं प्रमाणपत्र मिळत असेल, तर मुलांच्या हातात नेमका कोणता हिशेब सोपवला आहे, तेवढं पालकसभेत विचारून पाहा.