काळ्या पडद्यावरची वही

माझ्या लॅपटॉपचा पडदा पहिल्यांदा पाहिला तेव्हा आजी म्हणाली, "बिघरला का गो यो?" चित्र नाही, रंग नाही, काळ्या पडद्यावर लुकलुकणारी एक रेघ. लॅपटॉप बिघडला नव्हता. ती माझी वही होती!

प्रकल्पासाठी मी जूचंद्रच्या मिठागरांतले शब्द आजीकडून लिहून घेत होते. आगर, खाजण, बांध, उधाण हे शब्द तिच्या तोंडी सहज येतात. पावसाळ्यात घरात पाणी शिरले आणि वहीची शाई फुटली. दारातली रांगोळी आपण दुसऱ्या दिवशी झाडून टाकतो, त्याचे काही वाटत नाही. वहीसाठी मात्र मी रडले. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच. टिपणे कशी जपावीत हे सांगणार कोण? शेवटी मामेभावाने आपला जुना लॅपटॉप दिला आणि त्यात 'एनबी' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घालून दिला.

यात माऊस लागत नाही. आज्ञा टाइप करायची. (ती रोमन अक्षरांत करावी लागते, इथे मी आपल्या लिपीत लिहिते.) 'एनबी ॲड' म्हटले की नवे टिपण, 'एनबी एडिट' म्हटले की दुरुस्ती, 'एनबी सर्च' म्हटले की शोध. प्रत्येक टिपण ही साधी मजकुराची स्वतंत्र फाइल असते, त्यामुळे उद्या हा प्रोग्रॅम नसला तरी ती कुठल्याही संगणकावर उघडते. शिवाय आत 'गिट' नावाची व्यवस्था प्रत्येक बदलाची नोंद ठेवते. खोडलेले वाक्यही परत काढता येते. अर्थात पाण्यापुढे गिटचेही चालत नाही, म्हणून मी दर रविवारी सगळे पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवते.

आमच्या सरांनी तासाला पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाची हकिकत सांगितली होती. 1948 साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी ते काम सुरू केले. शब्द कोणत्या ग्रंथात कुठे आला ते एकेका कागदी चिठ्ठीवर टिपत सुमारे 1 कोटी चिठ्ठ्या जमल्या, आणि पहिल्या खंडाचा पहिला भाग निघायला 1976 साल उजाडले. तेव्हापासून मीही एका टिपणात एकच शब्द ठेवते: कोणी सांगितला, कुठे, कोणत्या दिवशी.

आता खरी गंमत. एके दिवशी मी 'आगऱ्यांचे' हा शब्द शोधायला सांगितला. यंत्र म्हणाले, नाही! आणि ते टिपण तर माझ्या डोळ्यांसमोर उघडे. आमच्याच जातीचे नाव आमच्याच वहीत सापडेना! दोन दिवस डोके खाजवल्यावर कळले की 'ऱ्य'मधला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. कुठे खाली टिंब असलेले 'ऱ' हे वेगळे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. कुठे साधा 'र' घेऊन, पाय मोडून, पुढे न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच. यंत्र मात्र आकार पाहत नाही, आतले क्रमांक पाहते. मी आगरावर फोनवर टिपून घेत असे आणि घरी लॅपटॉपवर लिहीत असे. दोन कळफलक, दोन तऱ्हा.

नुसते 'आग' शोधावे तर आगगाडीपासून आगपेटीपर्यंत सारे हजर! उपाय असा निघाला: 'आग' लिहून पुढे चौकोनी कंसात 'र' आणि 'ऱ' दोन्ही लिहायचे. कंसाचा अर्थ 'यातले कोणतेही एक अक्षर'. मग आगर, आगरी, आगऱ्यांचे असे सगळे एकदम आले. ज्यांची टिपणे जुन्या फॉन्टांत टाइप केलेली आहेत त्यांना हेही जमणार नाही, कारण तिथे पडद्यावर 'क' दिसला तरी आत भलतेच रोमन अक्षर बसलेले असते. अशांनी मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

त्या संध्याकाळी सापडलेली टिपणे मी आजीला वाचून दाखवली. चौथ्याला तिने हात वर केला. "असा मी बोललेच नाय." मी तिच्यासमोर वाक्य दुरुस्त केले. जुने वाक्यही आत आहे. ते मी तिला सांगितलेले नाही.