जनसुनावणी आणि मच्छीमारांचा प्रश्न : नाटे परिसराचा संदर्भ

जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने भरवावयाची असते. ३० दिवसांची पूर्वसूचना आणि स्थानिक भाषेतील सारांश बंधनकारक आहे. गणसंख्येची अट मात्र नाही. नोंदविलेल्या आक्षेपांची दखल प्रकल्पकर्त्याने अंतिम अहवालात घ्यावयाची असते. ते मान्य करण्याचे बंधन त्याच्यावर नसते.

राजापूर तालुक्यातील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची (प्रस्तावित क्षमता ९,९०० मेगावॉट) सुनावणी १६ मे २०१० रोजी माडबन येथे झाली. मराठी अहवाल वेळेत मिळाला नाही, ही ग्रामस्थांची तक्रार होती. नाटे गावाचा प्रश्न याहून वेगळा. भूसंपादन माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या बाजूस झाले. खाडीपलीकडील साखरी नाट्यातील मच्छीमारांची चिंता जमिनीची नव्हती, समुद्राची होती. संयंत्रातून बाहेर पडणारे कोमट पाणी मासळीला मानवेल काय? सुरक्षेच्या नावाखाली होड्यांची वाट अडेल काय? सातबाऱ्यावर समुद्राची नोंद नसते. त्यामुळे ज्याची जमीन गेली तो प्रकल्पग्रस्त, या रूढ हिशेबात हा मच्छीमार सहजी बसत नाही. सुनावणीचे महत्त्व त्याच्यासाठी म्हणूनच अधिक.

२८ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३५ अटींसह मंजुरी दिली. पुढे १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथील आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात एका तरुणाचा मृत्यू झाला.