बिनतारी जाळ्याच्या तारा

बिनतारी म्हटले, की तारेचे काम संपले असा समज होतो. वस्तुतः वाचकाच्या हातातील यंत्रापासून ॲक्सेस पॉइंटच्या पेटीपर्यंतचा शेवटचा टप्पाच काय तो बिनतारी असतो. पेटीला संदेश आणि बहुधा वीजही तारेनेच पोचते.

तंजावरच्या राजवाड्याचे उदाहरण घ्यावे. तेथील सरस्वती महाल ग्रंथालय दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाल १७९८–१८३२) समृद्ध केले. १९१८ साली ते सर्वांस खुले झाले. अशा जुन्या वास्तुसमूहात जाळे घालावयाचे, तर विचार भिंतींपासून सुरू होतो. विटा-चुन्याच्या जाड भिंतींत लहरी क्षीण होतात. म्हणून एका बलवान पेटीपेक्षा दालनागणिक लहान पेटी बरी. तांब्याच्या तारेची मर्यादा सुमारे १०० मीटर. ती नकाशातील सरळ रेषेने नव्हे, तर वळणे आणि चढउतार धरून मोजावी. दोन इमारतींमध्ये काचतंतू घालावा. त्यातून विद्युत्प्रवाह वाहत नसल्यामुळे आकाशातील विजेचा आघात त्या वाटेने पलीकडे जात नाही.

मात्र भिंतीला भोक पाडण्यापूर्वी आधीची वाट शोधावी. पेटी काही वर्षांनी बदलता येते. जुना गिलावा एकदा फुटला, की तो पुन्हा तसाच होत नाही.