विश्लेषण : फोनच्या स्टोरेजचा ‘वेग’ मोजतात कसा, आणि तो खरा किती?

अंधेरी, बोरिवली किंवा घाटकोपरच्या दुकानात नवा फोन बघायला गेले की रॅम आणि कॅमेऱ्यापाठोपाठ आता स्टोरेजचाही वेग सांगितला जातो. सॅमसंगने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या यूएफएस ४.० प्रकारच्या स्टोरेजसाठी हा वेग सेकंदाला ४,२०० मेगाबाइटपर्यंत वाचन आणि २,८०० मेगाबाइटपर्यंत लेखन असा होता. तरीही वर्षभरात फोन अडखळू लागतो. कारण चिप आणि अॅप यांच्यामध्ये कर्नलमधली फाइल सिस्टीम बसलेली असते. तिचा वेग मोजणे भल्याभल्यांना चकवते. पुण्यातील एका कंपनीचे कामही २०१० मध्ये अशाच मोजमापाच्या तराजूत तोलले गेले होते.

फाइल सिस्टीम नेमके काय करते?

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. फोटो डिस्कवर किंवा चिपवर कुठे ठेवायचा, त्याचे नाव कुठे नोंदवायचे, अर्ध्यात वीज गेली तर काय करायचे, हे कर्नलमधली फाइल सिस्टीम ठरवते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ईएक्सटी४ किंवा एफटूएफएस असते. ईएक्सटी४ डिसेंबर २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२८ आवृत्तीत स्थिर म्हणून आली. एफटूएफएस सॅमसंगने खास फ्लॅश मेमरीसाठी लिहिली आणि २०१३ मध्ये ती लिनक्समध्ये दाखल झाली.

आकडा फसवतो कुठे?

जाहिरातीतला आकडा सहसा सलग वाचन-लेखनाचा असतो. घाटकोपरहून सुटलेली गाडी मधे न थांबता थेट मुलुंडला जावी, तसा. फोनचे रोजचे काम मात्र विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर असे प्रत्येक ठिकाणी थांबणाऱ्या धीम्या लोकलसारखे आहे. चॅटचा एक मेसेज, संपर्क यादीतला एक बदल, अशी चार-चार किलोबाइटची शेकडो छोटी कामे चालू असतात. दोन्हींच्या वेगात प्रचंड तफावत पडते.

त्याहून मोठा चकवा रॅमचा. अॅपने ‘लिहा’ म्हटले की कर्नल मजकूर आधी रॅममध्ये ठेवतो आणि ‘झाले’ असे कळवून मोकळा होतो. प्रत्यक्ष डिस्कवर तो नंतर जातो. लिनक्समध्ये हा उशीर साधारण ३० सेकंदांचा असू शकतो. कुरियरवाल्याने पावती फाडली म्हणजे पाकीट पोहोचले असे नव्हे, तसेच हे. आठ जीबी रॅमच्या फोनवर एक जीबीची फाइल लिहून वेग मोजला, तर बऱ्याचदा रॅमचाच वेग मोजला जातो.

अमेरिकेतील स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये हे आकड्यांत दाखवले. ५१२ मेगाबाइट रॅमच्या यंत्रावर त्यांनी फाइलचा आकार ३८४ वरून ४४८ मेगाबाइट केला आणि यादृच्छिक वाचनाचा वेग जवळपास दहापट घसरला. फाइल सिस्टीम तीच, डिस्क तीच. फाइल रॅममध्ये मावेनाशी झाली, इतकेच. त्याच विद्यापीठातून २००८ मध्ये १०६ शोधनिबंधांतील ४१५ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला होता. बहुतेक लोकप्रिय चाचण्या सदोष असल्याचा त्याचा निष्कर्ष होता. तज्ज्ञांची ही गत, तर फोनवरच्या फुकट अॅपचा आकडा किती मनावर घ्यायचा!

वेग की सुरक्षितता?

पाकीट खरेच पोहोचल्याची खातरजमा हवी असेल तर अॅपला ‘एफसिंक’ ही सूचना द्यावी लागते. तीही पुरेशी नसते, कारण डिस्कच्या आतही एक छोटी मेमरी असते. ती वेळेवर रिकामी करून घेण्यासाठी कर्नलमध्ये ‘बॅरिअर’ असतो. तो चालू असला की वेग घटतो. २००८ मध्ये ईएक्सटी३ मध्ये बॅरिअर मुळातच चालू ठेवावा असा प्रस्ताव आला. कर्नलचे ज्येष्ठ विकासक अँड्र्यू मॉर्टन यांचा त्याला विरोध होता. आधीच्या प्रयत्नात अनेक कामांचा वेग ३० टक्क्यांनी पडल्याचा त्यांचा अनुभव होता. ईएक्सटी४ मध्ये मात्र बॅरिअर सुरुवातीपासून चालू. साहजिकच काही चाचण्यांत जुनी ईएक्सटी३ ‘वेगवान’ ठरत असे. ती हुशार होती म्हणून नव्हे, तर कमी काळजी घेत होती म्हणून.

ईएक्सटी४ ही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. वेगासाठी ती डिस्कवरची जागा ठरवणेच पुढे ढकलते. २००९ च्या सुरुवातीला उबुंटू वापरणाऱ्या काहींचे संगणक अचानक बंद पडले आणि पुन्हा सुरू केल्यावर सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या झाल्या होत्या. ईएक्सटी४ चे प्रमुख विकासक टेड त्सो यांनी दोष एफसिंक न करणाऱ्या अॅपकडे दाखवला, तरी कर्नलमध्येही सुधारणा केली.

पुण्याशी याचा संबंध काय?

सन मायक्रोसिस्टिम्सची झेडएफएस ही फाइल सिस्टीम २००५ मध्ये मुक्त स्रोत झाली. ती प्रत्येक तुकड्याची बेरीज तपासते आणि जुन्या मजकुरावर कधीच थेट लिहीत नाही. नवी प्रत वेगळ्या जागी लिहिते. पण तिचा परवाना लिनक्सच्या परवान्याशी जुळत नसल्याने ती कर्नलमध्ये सामील करता येत नव्हती. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने आपल्या महासंगणकांसाठी तिचे खालचे थर लिनक्सवर आणले. त्यांना तेवढेच पुरेसे होते. नेहमीप्रमाणे फोल्डर उघडून फाइल ठेवण्यासाठी लागणारा वरचा थर त्यात नव्हता.

हा थर पुण्याच्या केक्यू इन्फोटेकने जोडला. २०१० मध्ये या कामाची बातमी आली तेव्हा जगभरच्या लिनक्सप्रेमींचे लक्ष पुण्याकडे वळले. नोव्हेंबरमध्ये फोरोनिक्स या संकेतस्थळाने चाचणी आवृत्ती घेऊन तिची ईएक्सटी४, बीटीआरएफएस आणि एक्सएफएसशी तुलना केली. अनेक चाचण्यांत पुण्याची आवृत्ती मागे पडली.

निकाल खोटा नव्हता, पण अपुरा होता. पुण्याचे काम अगदी नवे होते आणि सोलारिससाठी लिहिलेला कोड लिनक्सच्या सवयींशी जुळवून घेत होता. शिवाय बेरीज तपासण्याचे काम इतरांपैकी ईएक्सटी४ आणि एक्सएफएस तेव्हा मजकुरासाठी करतच नव्हत्या. दहा किलोचे ओझे घेऊन धावणाऱ्याची मोकळ्या हातांच्या धावपटूशी शर्यत लावावी, तसा हा प्रकार. डिस्क हळूहळू सडून एखादा फोटो बिघडला तर तो कोण पकडेल, यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

केक्यू इन्फोटेकने जानेवारी २०११ मध्ये आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या एसटीईसी या कंपनीने केक्यू विकत घेतली. लिव्हरमोरच्या चमूने वरचा थर स्वतः लिहून काम पुढे नेले, २०१२ मध्ये सिक्वोया महासंगणकाच्या ५५ पेटाबाइट साठ्यासाठी झेडएफएस वापरली आणि मार्च २०१३ मध्ये स्थिर आवृत्ती दिली. २०१६ च्या उबुंटूमध्ये झेडएफएस थेट मिळू लागली.

मग फोन घेताना काय बघायचे?

चाचणीचा आकडा समोर आलाच, तर सलग वेगाऐवजी चार किलोबाइटच्या यादृच्छिक लेखनाचा आकडा विचारावा. फोनमधील बहुतेक अॅप एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये नोंदी ठेवतात आणि तो वारंवार एफसिंक करतो, त्यामुळे अडखळणे तिथेच जाणवते. चाचणी रिकाम्या फोनवर झाली की भरलेल्या, हेही महत्त्वाचे. फ्लॅश मेमरीत नवे लिहिण्याआधी जुने पुसावे लागते. मोकळी जागा कमी उरली की ही पुसापुशी ऐन कामाच्या वेळी करावी लागते. म्हणूनच दुकानातला कोरा फोन आणि शुभेच्छांच्या व्हिडीओंनी ९५ टक्के भरलेला तोच फोन यांचे आकडे जुळत नाहीत.